तौलनिक साहित्यात एमए करायचंय? आधी साम्य कसलं ते ठरवा



तौलनिक साहित्यात एमए करून पुढे पीएचडीकडे वळायचा विचार करताय? तर आजचा लेख तुमच्यासाठी. मी विज्ञान शाखेतला, म्हणून साहित्याकडे बाहेरून बघतोय असं म्हणा हवं तर. पण 'तुलना' ही काही एकट्या साहित्याची मालमत्ता नाही. आमच्याकडेही ती रोजची आहे आणि तिचे नियम कडक आहेत. ते नियम इथे किती लागू पडतात, ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतातला या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग 1956 मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांनी उभा केला. आपल्याकडे कवी वसंत बापट मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे प्राध्यापक होते. नेट परीक्षेतही हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे वाट जुनी आहे. अडचण आहे ती या वाटेवर होणाऱ्या कामाच्या एका ठरावीक साच्याची.

तो साचा तुमच्या ओळखीचा असेल. शीर्षक : 'अ आणि ब यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण : एक तौलनिक अभ्यास'. प्रकरण पहिलं अ, दुसरं ब, तिसरं साम्यं, चौथं भेद. आणि निष्कर्ष काय, तर दोघांनीही स्त्रीची वेदना मांडली, मात्र दोघांची शैली वेगळी आहे. माझा आक्षेप असा की हा निष्कर्ष पुस्तकं न उघडताही लिहिता आला असता. जो निष्कर्ष चुकूच शकत नाही, तो संशोधनाचा निष्कर्ष कसा म्हणायचा?

जीवशास्त्रात याच गोंधळावर रिचर्ड ओवेन यांनी 1843 मध्ये बोट ठेवलं. फुलपाखराचा पंख आणि पक्ष्याचा पंख, दोन्ही उडायला उपयोगी. पण हे साम्य फक्त कामाचं. पक्ष्याचा पंख आणि माणसाचा हात दिसायला कितीही वेगळे असले तरी त्यांच्या हाडांची मांडणी एकच. हे साम्य रचनेचं. पुढे डार्विनमुळे कळलं की रचनेच्या साम्यामागे समान पूर्वज असतो. थोडक्यात, 'सारखं आहे' एवढं म्हणून भागत नाही. सारखं कशामुळे आहे, ते सांगावं लागतं.

साहित्यात यात तिसरी शक्यता मिळते, ती म्हणजे उसनवारी. एका भाषेतला लेखक दुसऱ्या भाषेतलं पुस्तक वाचतो आणि लिहायला बसतो. तौलनिक साहित्याच्या जुन्या फ्रेंच परंपरेचा सगळा भर यावरच होता : कोणी कोणाकडून काय घेतलं. रेने वेलेक यांनी 1958 मध्ये चॅपेल हिल इथल्या व्याख्यानात यावर जोरदार टीका केली. त्यांचं म्हणणं असं की देण्याघेण्याचा हिशोब मांडला म्हणजे कलाकृती समजली असं होत नाही. टीका योग्यच आहे. पण आपल्याकडे तिचा सोयीस्कर अर्थ काढला जातो : पुरावा नको, कशाचीही कशाशी तुलना चालते. वेलेक असं म्हणत नव्हते.

आता एक उदाहरण घेऊ. ओ. चंदू मेनन यांची मल्याळम कादंबरी 'इंदुलेखा' (1889) आणि ह. ना. आपटे यांची, पुढच्याच काही वर्षांत 'करमणूक'मधून आलेली, 'पण लक्षात कोण घेतो'. लेखक दोन्हीकडे पुरुष, विषय दोन्हीकडे शिकणारी स्त्री आणि लग्न. इंदुलेखा सूरी नंबुद्रीला ठाम नकार देते आणि तिचं लग्न माधवनशी होतं. यमूला मात्र नकार देण्याची जागाच नाही. वैधव्य येतं, केशवपन होतं.

साच्यातला अभ्यास इथे थांबेल : एक सुखान्त, दुसरी शोकान्त. तुम्ही मात्र पुढे विचारा : शेवट वेगळा का? एक उत्तर असं सुचतं. इंदुलेखा नायर मातृवंशीय घरातली आहे, तिचं घर आईकडून चालत आलेलं. यमू पितृवंशीय ब्राह्मण घरातली. मग कुटुंबरचना बदलली म्हणून कथानक बदललं का? हे उत्तर कामाचं आहे, कारण ते चुकीचं ठरू शकतं.

मग ते तपासायला तिसरं पुस्तक आणा : बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (1857). इथेही मराठी पितृवंशीय समाज आहे, नायिका विधवा होते. तरीही ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. म्हणजे कुटुंबरचना तीच, शेवट वेगळा. आपलं उत्तर एकट्याने पुरेसं नाही, हे लगेच दिसलं. लेखकाचा धर्मप्रसाराचा हेतूही कथानकाला वाट काढून देतो. शिवाय चंदू मेनन यांनी आधी डिझरायलीच्या 'हेन्रिएटा टेंपल'चा अनुवाद करून पाहिला, तो सोडला आणि मग स्वतःची कादंबरी लिहिली. तेव्हा 'इंदुलेखा'चा सुखान्त त्या इंग्रजी प्रेमकथेच्या घाटातूनही आलेला असू शकतो. आता तुमच्याकडे तीन कारणं आहेत : कुटुंब, हेतू आणि घाट. कोणाचा वाटा किती, हा खरा प्रश्न. सिनॉप्सिस इथून सुरू होतो.

जीवशास्त्राची उपमा इथे एका ठिकाणी तुटते, आणि तेही समजून घ्या. हाडांचं भाषांतर करावं लागत नाही, पुस्तकांचं करावं लागतं. नायर समाजातल्या 'संबंधम्'ला मराठीत सरळ 'लग्न' म्हटलं, की ज्यावर वाद आहे तीच गोष्ट वाचकाच्या नजरेआड जाते. हे चंदू मेनन यांच्या काळातही वादाचंच होतं. त्यासाठी नेमलेल्या मलबार विवाह आयोगाचे ते स्वतः सदस्य होते. शिवाय आपण घरी बोलतो तशी मल्याळम लिहिली, असं ते प्रस्तावनेत सांगतात. इंग्रजी अनुवादातून यातलं तुमच्यापर्यंत किती पोहोचेल? दोन भाषांचा अभ्यास म्हणायचा आणि दोन्ही पुस्तकं तिसऱ्याच भाषेत वाचायची, ही या विषयातली सगळ्यात मोठी पळवाट आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी 2003 च्या 'डेथ ऑफ अ डिसिप्लिन'मध्ये दक्षिण गोलार्धातल्या भाषा मुळातून शिकण्याचा जो आग्रह धरला, तो आपल्याला शेजारच्या राज्यांच्या भाषांपासूनच पाळता येईल. मराठी माणसाला कन्नड, गुजराती, तेलुगू या भाषा काही लांबच्या नाहीत.

मग एमए करावं का? करावं, पण प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी बघा :

1. अभ्यासक्रमात आणखी एखादी भाषा नीट शिकवतात का, की सगळं वाचन इंग्रजी अनुवादातूनच?
2. प्रबंधासाठी विद्यार्थ्याला प्रश्न मांडायला लावतात, की लेखकांची जोडी निवडायला?
3. तुम्हाला हव्या त्या दोन भाषा वाचू शकणारे गाईड तिथे आहेत का? नसतील तर दुसऱ्या विभागातले सहमार्गदर्शक चालतात का?
4. ज्या नोकऱ्या तुमच्या डोळ्यासमोर आहेत, त्यांच्या जाहिरातीत ही पदवी ग्राह्य धरतात का? मराठीची किंवा इंग्रजीची जागा असेल, तर संबंधित विषयाची अट शब्द न् शब्द वाचा. दोन वर्षं तुमची जाणार आहेत.

विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून येणाऱ्यांनी पात्रतेची अट प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात स्वतंत्रपणे तपासावी.

आणि तयारी म्हणून आजच एक करून बघा. तुमच्या मनातली लेखकांची जोडी एका कागदावर लिहा. खाली एका वाक्यात लिहा, की त्यांच्यातलं साम्य वारशाचं आहे, उसनं आहे, की सारख्या परिस्थितीतून आलंय. मग त्याखाली अशा एका पुस्तकाचं नाव लिहा, जे तुमचं हे वाक्य खोटं पाडू शकेल. ते नाव सापडलं तर विषय पक्का समजा. नाही सापडलं, तर जोडी बदलू नका, प्रश्न बदला.