शिष्यवृत्तीआधीची दोन वर्षे

आपल्याकडे चित्रकारांविषयी जे लिहिले जाते, त्यात परदेशी शिक्षण बहुधा एका वाक्यात उरकले जाते. अमुक साली शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पॅरिसला किंवा लंडनला गेले. बोटीत पाय ठेवण्याआधी त्या माणसाने काय केले, ही चौकशी क्वचितच होते. माझ्या मते त्या शिक्षणातून काय निघणार, हे बरेचसे आधीच ठरलेले असते. सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण याबाबत पुरेसे बोलके आहे.

रझांच्या शिक्षणात उणीव नव्हती. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या चित्रकला विद्यालयात होते, नंतर १९४७ पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. जलरंगावर हात बसला होता. सुझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला होता. अशा वेळी १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. प्रतिभा आहे पण बांधणी नाही, चित्रही इमारतीसारखे रचावे लागते, त्यासाठी सेझानचा अभ्यास करा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हा प्रसंग चरित्रांतून नेहमी येतो, पण दैवयोग म्हणून. मला तो तसा वाटत नाही. नावाजल्या जाणाऱ्या तरुणाला असा शेरा टोचतो आणि तो विसरणे सोपे असते. रझांनी तो प्रश्न म्हणून जवळ बाळगला. मुंबईत ते फ्रेंच शिकले. फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन १९५० च्या ऑक्टोबरमध्ये ते निघाले, तेव्हा पॅरिसमध्ये काय शोधायचे हे त्यांना ठाऊक होते. १९५० ते १९५३ ते एकोल दे बोझारमध्ये होते. १९५१ चे ‘ओ द कान्य’ आधीच्या वाहत्या जलरंगांशेजारी ठेवून पाहावे. घरे भूमितीच्या आकारांसारखी एकमेकांना टेकली आहेत, रस्त्यावर माणूस नाही. एका वर्षात एवढा पालट केवळ शाळेमुळे होत नाही. प्रश्न आधीपासून मनात मुरलेला असावा लागतो.

सुझांची गोष्ट याच्या उलट वाटेल. १९४५ मध्ये जे. जे.मधून काढले गेलेले सुझा १९४९ मध्ये लंडनला गेले. त्यांना शाळा नको होती, मैदान हवे होते. पण आपण कशासाठी जातो आहोत, हे त्यांनाही पक्के माहीत होते. तयारीच्या वाटा दोन, मुद्दा एकच.

आजची तयारी म्हणजे पोर्टफोलिओ. तो बसवून देणारे क्लास शहरोशहरी आहेत. वीस-पंचवीस चकचकीत चित्रे आणि घोटून घेतलेले निवेदन. अशा फायली मी चाळल्या आहेत. त्यांत मुलाचा हात दिसतो, मूल दिसत नाही. दोष एकट्या क्लासांचा नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्र, स्मरणचित्रापासून आपण नीटनेटक्या उत्तरालाच गुण देत आलो. त्या परीक्षांनी हजारो मुलांच्या हाती पेन्सिल दिली, हे ऋण मी मानतो. पण ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन अर्जदारांना कित्येक वर्षे सायकलचे चित्र काढायला सांगत असे. हुबेहूब सायकल तर कुणीही घोटून आणील. हा मुलगा सायकलीकडे कसा पाहतो, हे त्यातून कळे. ब्रिटनमधल्या अनेक कलाशाळा पूर्ण चित्रांबरोबर स्केचबुकेही मागतात. खाडाखोड, अर्धवट कल्पना, फसलेले प्रयत्न त्यांना पाहायचे असतात. आपली मुले नेमके तेच लपवतात.

यात पालकांच्या कर्जाचा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न आपल्या समीक्षेचा आहे. परदेश हा बिल्ला म्हणून नोंदवायची सवय आपण चरित्रलेखकांनी लावली, आणि मुलांनी तीच उचलली. चित्रकाराच्या मागे उरलेल्या वह्या, भाषावर्गाची टिपणे, नाकारले गेलेले अर्ज अनेक घरांतून रद्दीत जातात, कारण अभ्यासकांनीच ते कधी मागितले नाहीत. ते मागायला हवेत. पुढच्या वेळी एखाद्या चित्रकाराची मुलाखत घेणाऱ्याने परदेशात काय पाहिले, हे विचारण्याआधी निघताना काय कळत नव्हते, हे विचारावे.