तक्रारीपासून सुरू होणारं पुस्तक

दुरुस्तीच्या पुस्तकाचं रसग्रहण म्हटल्यावर भुवया उंचावणं साहजिक आहे. मॅन्युअल अडलं की उघडायचं, ग्रीसच्या बोटांचे ठसे उमटवायचे आणि काम झालं की मिटायचं. जॉन म्युइर यांचं ‘हाउ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह’ मात्र दाराशी फोक्सवॅगन नसलेली माणसंही वाचतात. अमेरिकेत 1969 मध्ये लेखकाने ते स्वतःच प्रकाशित केलं. हे म्युइर म्हणजे त्याच नावाचे प्रसिद्ध निसर्गप्रेमी नव्हेत. हे इंजिनिअर, नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत गाड्या दुरुस्त करू लागले. इंजिन मागे असलेली, हवेवर थंड होणारी फोक्सवॅगन हा त्यांचा विषय, आणि जन्मात कधी पाना हातात न धरलेला माणूस हा त्यांचा वाचक.

या पुस्तकाची खरी करामत अनुक्रमणिकेतच दिसते. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये प्रकरणं भागांच्या नावाने असतात: क्लच, ब्रेक, ट्रान्समिशन. म्हणजे बिघाड कुठे आहे हे आधी ठाऊक असेल, तरच योग्य पान सापडणार. म्युइर प्रकरणांची नावं चालकाच्या तोंडून घेतात. लाल दिवा लागला, हिरवा दिवा लागला, गाडी थांबत नाही, गाडी थरथरते. गिअरबॉक्सच्या प्रकरणालाही त्यातून येणाऱ्या खरखरीचं आणि गुरगुरीचं नाव आहे. आपल्याकडे तरी गॅरेजात जाऊन कोण म्हणतं की सिंक्रोनायझर झिजलाय? ‘गिअर पडत नाही’, ‘दुसरा सुटतो’, ‘रिव्हर्सला खर्र करते’ एवढंच आपण सांगतो. या अडाणी वाटणाऱ्या बोलण्यात निदानाचा अर्धा भाग आलेला असतो, हे म्युइर यांनी ओळखलं आणि त्यावरच पुस्तक उभं केलं.

या मांडणीचं मोल प्रत्यक्ष गाडीपाशी कळतं, आणि गिअरच्या बाबतीत तर फारच. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये गिअरचा दांडा पुढे, दोन सीटांच्या मध्ये, आणि गिअरबॉक्स पार मागच्या सीटच्याही पलीकडे. मधलं अंतर कापते ती गाडीच्या कण्यातल्या बोगद्यातून जाणारी एक लांब रॉड. कानगोष्टीच्या खेळात निरोप जावा तशी हाताची हालचाल सांध्यासांध्यातून पुढे सरकते. दांड्याच्या तळाशी एक पट्टी असते, पुढे रॉडला आधार देणारा बुश, मग मागच्या सीटखालचा कपलर, आणि शेवटी गिअरबॉक्सच्या नाकाशी असलेला सिलेक्टर. प्रत्येक ठिकाणी जरासा प्ले आला, तरी शेवटच्याला भलतंच ऐकू जातं. आपण दुसरा टाकतो, आत तो अर्धाच बसतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की दांडा आपसूक न्यूट्रलला येतो. मालक म्हणतो, गिअरबॉक्स गेला.

तो गेलेला असेलही. पण आधी मागची सीट उचलून जमिनीवरचं छोटं झाकण काढून बघावं. खाली कपलर दिसतो. रॉडला तो एका चौकोनी डोक्याच्या स्क्रूने धरलेला असतो. स्क्रूचं टोक रॉडवरच्या खळग्यात नेमकं बसावं लागतं, आणि हादऱ्यांनी तो सैल पडू नये म्हणून तारेने बांधलेला असतो. तार तुटली, स्क्रू ढिला झाला किंवा कपलरचे बुश खाल्ले गेले, तर दांडा पळीसारखा नुसताच फिरतो. दांड्याच्या तळची पट्टीही तितकीच गुणी. रिव्हर्ससाठी दांडा आधी खाली दाबावा लागतो, मग डावीकडे नेऊन मागे ओढायचा. चुकून रिव्हर्स पडू नये याची राखण ही पट्टी करते. ती उलटी किंवा तिरकी बसली की कधी रिव्हर्स सापडत नाही, कधी दुसरा. गाडी दुसऱ्यात घालून, तळाचे दोन बोल्ट सैल करून बैठक किंचित सरकवायची आणि सगळे गिअर टाकून पाहायचे. पुष्कळदा दुखणं एवढ्यावर भागतं.

आता खरखर. इंजिन बंद असताना सगळे गिअर मुकाट पडतात आणि सुरू होताच रिव्हर्स दात खातो, तर संशय क्लचवर. पेडल दाबूनही तो पुरता सुटत नाही. इथे पेडलपासून मागे केबल जाते, आणि तिचा ताण गिअरबॉक्सपाशी विंग नटने कमीजास्त करता येतो. पेडलला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल असावी. हे सगळं नीट असूनही धावत्या गाडीत एकच गिअर दरवेळी खरखरला, तर मात्र आतली, गिअरचे वेग जुळवणारी सिंक्रोची रिंग झिजली असं धरावं. जुन्या मॉडेलच्या पहिल्या गिअरला हा नियम लावू नये. डीलक्स बीटलच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश 1961 च्या मॉडेलपासून मिळाला. त्याआधी गाडी चालती असताना पहिला टाकला तर खरखर हा दोष नव्हे, स्वभाव आहे.

पीटर अॅशवांडन यांच्या रेखाटनांशिवाय हे पुस्तक अपुरं राहिलं असतं. सुटे भाग हवेत उधळलेल्या बीटलचं त्यांचं चित्र प्रसिद्धच आहे. यंत्राच्या आराखड्यात सहसा माणूस नसतो. इथल्या रेषांत व्यंगचित्राचा खट्याळपणा आहे. नवख्याची भीती मजकुराआधी या चित्रांनीच मोडते. कुठलंही काम हाती घेण्याआधी त्याची कृती शेवटपर्यंत वाचा, हा म्युइर यांचा आग्रहही त्याच भीतीवरचा उतारा आहे.

पुस्तकाच्या मर्यादा उघड आहेत. त्या काळातल्या हिप्पी वळणाची भाषा मधूनमधून लाडिक होते. गाडीला जीव आहे या कल्पनेवर म्युइर जरा जास्तच खूश आहेत. नेमकी मापं हवी असणाऱ्याला दुसरं मॅन्युअल जवळ ठेवावंच लागतं.

तरीही त्यांची मूळ दृष्टी टिकली, कारण ती संशयाचा क्रम लावून देते. आधी हाताशी, स्वस्त आणि सहज दिसणारं तपासा. पोट फाडायची वेळ सर्वांत शेवटी. दोनचार रुपयांच्या बुशापायी अख्खा गिअरबॉक्स उतरवला जातो तो अज्ञानापेक्षा घाईमुळे, आणि त्या घाईला लगाम घालणारं गद्य लिहिणं सोपं नाही. म्युइर यांनी ते लिहिलं, म्हणून हे मॅन्युअल कपाटात साहित्याच्या शेजारी ठेवायला माझी हरकत नाही.