शंखातला समुद्र
इंग्लंडात थेम्स नदीकाठी ब्रे हे चिमुकले खेडे आहे. रू बंधूंनी १९७२ साली तेथे काढलेल्या ‘वॉटरसाइड इन’ या भोजनगृहास १९८५ मध्ये मिशेलिनचे तीन तारे लाभले. १९९५ साली उघडलेल्या ‘फॅट डक’ला तोच मान २००४ मध्ये मिळाला. ‘फॅट डक’चे हेस्टन ब्लूमेंथल यांनी मासळीच्या एका पदार्थासोबत शंख दिला. त्यात दडविलेल्या यंत्राचे इअरफोन कानांत घालून लाटा ऐकत जेवावयाचे! कल्पकता आम्हांस मान्य आहे. परंतु कान झाकले की शेजारचा दुरावतो, आणि भोजन म्हणजे केवळ जिभेचे कौतुक नव्हे. ती पंगत आहे. ‘वॉटरसाइड’च्या खिडकीबाहेर नदी सर्वांसाठीच वाहते. आमचा कौल त्या नदीला.