परक्या हातांचे डाख

जुन्या रेडिओचं कौतुक लोक समोरून करतात. लाकडाचं पॉलिश, हस्तिदंती गुंड्या, आतला दिवा लागला की पिवळसर उजळणारी डायलची काच. माझं लक्ष मात्र चासी उलटी केल्यावर लागतं. एका मॉडेलचे सगळे सेट कारखान्यातून निघताना पोटात सारखेच असतात. मर्फी घ्या, बुश घ्या, फिलिप्स घ्या. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ज्या ज्या मेकॅनिकने सेट उघडला, त्याचं अक्षर तेवढं त्या एकाच सेटमध्ये उरतं. बहुतेक वेळा ते गचाळ असतं. तरी ते पुसण्याआधी नीट वाचलं पाहिजे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला घेतली, तेव्हा मूळची ओवी कुठली आणि मागाहून घुसलेली कुठली हे आधी ठरवावं लागलंच असणार. रेडिओवाल्याचं काम त्या मानाने सोपं, कारण त्याच्या हाती सर्किटचा नकाशा असतो.

समोरचा सेट १९५०च्या दशकातला, पाच व्हॉल्व्हचा, एसी-डीसी. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून तो डीसी वीज असलेल्या ठिकाणीही चालायचा आणि स्वस्तही पडायचा. पाचही व्हॉल्व्हचे हीटर एकामागे एक जोडलेले : यूसीएच ४२ला १४ व्होल्ट, यूएफ ४१ला १२.६, यूबीसी ४१ला १४, यूएल ४१ला ४५ आणि यूवाय ४१ला ३१. बेरीज ११६.६. मेन्सचे २३० वजा ही बेरीज, उरलेले ११३ व्होल्ट एका जाडजूड वायरवाउंड रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात. सगळ्यांतून प्रवाह एकच, १०० मिलिअँपिअर. ही बेरीज पुढे कामाला येणार आहे. आणखी एक : अशा सेटची चासी मेन्सच्या एका तारेला थेट जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीत करंट. त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्याशिवाय या रेडिओला शिवायचं नाही, मग तुम्ही कितीही जुने जाणते असा.

पहिली खूण यूएल ४१ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी. तिथल्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा, पिवळा असे पट्टे आहेत, म्हणजे एक लाख ओहम. नकाशात आहे एक मेगओहम. तिसरा पट्टा हिरवा हवा होता. दहा लाखांच्या जागी एक लाख. चुकून लागला म्हणावं, तर शेजारचा मेणकागदी कंडेन्सर मूळचाच आहे, आणि तिथेच सगळा उलगडा होतो.

या कपलिंग कंडेन्सरचं काम आधीच्या व्हॉल्व्हवरून आवाज पुढे सोडायचं आणि तिथला डीसी दाब, धरा ८० व्होल्ट, अडवायचं. मुंबई-कोकणच्या हवेत कागद दमट होतो आणि डीसी झिरपू लागतो. गळती इतकी बारीक, की सुटा काढून मोजला तर कंडेन्सर १० मेगओहम दाखवेल आणि साध्या मीटरवर ठणठणीत वाटेल. पण खाली एक मेगओहमचा रेझिस्टर असेल, तर त्या ८० व्होल्टचा अकरावा हिस्सा, म्हणजे सात व्होल्टच्या वर, ग्रिडवर येऊन बसतो. तिथे शून्य हवं. मग आउटपुट व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो, तापतो, आवाज फाटतो, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आमच्या मेकॅनिकने कंडेन्सर तसाच ठेवला आणि रेझिस्टर दहापट कमी केला. सात व्होल्टचा एक व्होल्टही उरला नाही. आवाज मोकळा झाला.

हा माणूस अडाणी नव्हता. दाबाची वाटणी त्याला पक्की कळत होती, नाहीतर हा उपाय सुचतच नाही. मग कंडेन्सरच का नाही बदलला? खणात ४०० व्होल्टचा नसेल. बुधवार असेल, रात्री आठला रेडिओ सिलोनवर गीतमाला असेल आणि गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं असेल. किंमत मात्र गाण्याने मोजली. ०.०१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरखाली एक लाख ओहम आले, की साधारण १६० हर्ट्झच्या खालचे स्वर उतरू लागतात. तबल्याची चाटी ऐकू येते, डग्गा पळतो. ‘जुन्या रेडिओचा आवाज असाच, जरा पातळ,’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी असला पिवळा पट्टाच ऐकलेला असणार. शिवाय गळती तिथे थांबत नाही, वर्षागणिक वाढतेच. कंडेन्सर आणि रेझिस्टर दोन्ही काढावे लागतात. त्या क्लृप्तीला दाद देऊन, पण काढावे लागतातच.

दुसरी खूण पाहून माझा मित्र म्हणाला, ‘वा, काय सफाई आहे!’ यूवाय ४१ या रेक्टिफायर व्हॉल्व्हचा सॉकेट रिकामा. खाली पिनांवर एक डायोड, बीवाय १२७, पुढे टीव्हीच्या काळात कुठल्याही दुकानात मिळायचा तो. दोन्ही पायांवर नळ्या चढवलेल्या, डाख चकचकीत, तार सरळ रेषेत. वर्गात दाखवावं असं काम. हीटरच्या दोन पिनांमध्ये एक आखूड तार, तीही नेटकी. आणि घोटाळा त्या तारेतच आहे.

काढून टाकलेला व्हॉल्व्ह आपल्या वाट्याचे ३१ व्होल्ट घेत होता. १०० मिलिअँपिअरला ३१ व्होल्ट म्हणजे ३१० ओहम. तेवढा, पाच वॉटचा, रेझिस्टर तिथे घालायलाच हवा होता. नुसती तार जोडल्याने एकूण २३०० ओहममधून ३१० वजा झाले, प्रवाह दहा टक्क्यांहून जास्त चढला, आणि उरलेले चार व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा उजळ जळू लागले. गिऱ्हाइकाला बरंच वाटलं असेल. रेडिओ कसा टवटवीत झाला! त्यात व्हॉल्व्ह तापायला वेळ घ्यायचा, तसा डायोड घेत नाही. बटण दाबताच, बाकीचे व्हॉल्व्ह थंड असताना, फिल्टर कंडेन्सरवर २३० व्होल्टच्या एसीचं शिखर, म्हणजे ३२५ व्होल्ट, चढून बसतं. रोज, दर वेळी.

वाईट दुरुस्ती कुरूप असते असा समज आहे. माझ्या पाहण्यात उलटच जास्त. कुरूप डाखाचा संशय येतो, म्हणून तो तपासला जातो. या डायोडकडे संशयाने कोण बघणार?

कुरूप ते सगळं चांगलं, असंही नाही. याच चासीवर अर्थचा एक सांधा नवसागर लावून डाखलाय, कल्हईवाला लावतो तसा. तो हिरवा पडलाय आणि खालची तार खाऊन गेलाय. राळ वापरली असती तर आजही धड असता. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी आहे, त्यावर रसग्रहण नको.

स्पीकरपाशी मात्र थबकायला होतं. फाटलेल्या कोनावर वर्तमानपत्राचा तुकडा खळीने चिकटवलाय, कापताना कडा दातरलेल्या, वर गूळ-शेंगदाण्याच्या भावाचा अर्धा रकाना. दिसायला गबाळं. पण जोड फाटीच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पसरलेला, खळ पातळ, कागद हलका. म्हणून कोनाची हालचाल अडलेली नाही आणि खालच्या स्वरांना फरफर नाही. कागदाला कागदाचंच ठिगळ. आपण आज जाड डिंकाचा गोळा थापून याच्याहून वाईट केलं असतं. तो तसाच ठेवला.

डायलच्या काचेवर ४१ मीटरपासून बोटभर डावीकडे नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका आहे. हे रेडिओ सिलोन, उघडच. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. विविध भारती यायला १९५७चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात घरोघरचे काटे कोलंबोकडे वळले होते. पण ठिपका छापील जागेवर का नाही? पहिला संशय मेकॅनिकवर जातो : स्क्रूड्रायव्हर घेऊन शॉर्टवेव्हचे ट्रिमर पिळले असतील. मात्र ट्रिमरवरचं कारखान्याचं मेण अभंग आहे. आणि मीडियमवेव्हवर मुंबई लावून पाहिली, तर तीही डावीकडेच, बोटभरच. एकाच पट्ट्यावर चूक असती तर ट्रिमर दोषी. सगळ्या पट्ट्यांवर सारखीच असेल तर काटाच सरकलेला. काट्याची दोरी पाहिली : पतंगाचा साधा सुती दोरा, हवा बदलेल तसा सैल-ताठ होणारा. ट्रिमर निर्दोष सुटले. दोरी बदलून काटा बोटभर सरकवला की छापील आकडे खरे होतात आणि ठिपका खोटा. ठिपका मी पुसलेला नाही. तो रेडिओच्या मालकाचा आहे, दुरुस्तीत मोडत नाही.

राहिला नव्या कंडेन्सरांचा प्रश्न. काही हौशी लोक जुन्या मेणकागदी नळीतला ऐवज उकरून काढतात, आत आजचा बारका पॉलिएस्टर कंडेन्सर बसवतात आणि तोंडावर पुन्हा मेण ओततात. बघणाऱ्याला वाटावं, साठ वर्षांत कोणी हातच लावला नाही. कसब आहे, वाद नाही. पण पुढच्या माणसाने ती नळी बघून काय समजायचं? त्या सफाईदार डायोडनेही हेच केलं होतं, सगळं आलबेल असल्याचं भासवलं होतं. मी ६३० व्होल्टचे पिवळे कंडेन्सर उघडे लावलेत, सॉकेटपाशी ३१० ओहमचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर डायोडच्या शेजारी दिसेल असा ठेवलाय, आणि काय बदललं ते मागच्या पुठ्ठ्याच्या आतून पेन्सिलीने लिहून ठेवलंय. ज्याच्या डोळ्यांना हा पिवळा रंग खुपेल त्याने पुठ्ठ्याचे चार स्क्रू आवळून टाकावेत.