पासोडी कोणासाठी?

दासोपंतांचे नाव निघाले, की आपण आकडे सांगू लागतो. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा. पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद! धान्य मापावे तशी ही कविता मापली गेली. ती कोणासाठी लिहिली, हे मात्र क्वचितच कोणी विचारले.

बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई हे दासोपंतांचे (१५५१–१६१५) गाव. आद्यकवी मुकुंदराजांची समाधीही येथेच दाखवतात. या पंतांनी गीता एकदा सांगून समाधान मानले नाही. ‘गीतार्णवा’त दृष्टांतामागून दृष्टांत, गोष्टीमागून गोष्ट; ‘गीतार्थबोधचंद्रिका’ मात्र नऊ हजार ओव्यांच्या आत आटोपते. आणि पंचीकरणासारखा रुक्ष विषय त्यांनी चक्क कापडावर मांडला, ओव्यांच्या जोडीला आकृत्या काढून. पोथी एकाच्या मांडीवर राहते; पासोडी पसरली, की दहापाच जणांना एकदम दिसते. कोणाला थोडक्यात सांगितलेले पुरते, कोणाला गोष्ट लागते, कोणाला डोळ्यांनी पाहावे लागते. पंतांनी हे असे ठरवून केले, असा माझा दावा नाही. पण या तिन्ही कृतींत मला तरी हाडाचा शिक्षक दिसतो.

दोषही शिक्षकाचेच! ‘गीतार्णवा’त पंत एकदा बोलू लागले, की थांबायचे विसरतात. पासोडीतल्या आकृत्या तर शेजारी उलगडून सांगणारा नसेल, तर मुक्याच.

हे आजच सुचायचे कारण याच जिल्ह्यातल्या शाळा. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो, तोच ऊसतोडीची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. हंगामी वसतिगृहे निघाली, म्हणून काही मुले गावी राहतात. पण आईबापांबरोबर फडावर जाणारी मुलेही आहेतच, आणि ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. मग एकाच वर्गात एक मुलगा सलग शिकलेला, दुसरा चारपाच महिने पाचटात वावरून आलेला. उसाच्या मोळ्या त्याला बिनचूक मोजता येतात, पुस्तकातला गुणाकार अडतो. पाठ मात्र दोघांना तोच, त्याच गतीने. गुरुजींना तरी किती बोल लावावा? वर्ग भरलेला, आणि परीक्षेची तारीख त्यांच्या हातची नव्हे.

‘गीतार्णवा’तल्या गोष्टी वेचून, सोप्या करून, या दुसऱ्या मुलापुढे कोणी ठेवून पाहाव्यात. तो ऐकत बसला की उठून गेला, एवढे जरी कळले, तरी पंतांचे परीक्षण आमच्या ओव्यामोजणीपेक्षा खरे होईल.