‘पाव’ : एक शब्द कीं चार ?

रत्नागिरीच्या बाजारांत एखाद्या बेकरीसमोर घटकाभर उभें राहिलें असतां “पाव डझन पाव द्या” हें वाक्य सहज कानावर पडतें. मागणाऱ्यास तीन पाव मिळतात, देणाऱ्यास पैसे मिळतात, आणि एकाच वाक्यांत एकच ध्वनि दोनदां येऊन दोन निराळे अर्थ सांगून गेला, ह्याची जाणीव दोघांसही नसते. ती नसल्यानें व्यवहाराचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ह्या दोन शब्दांस कोणी एकाच घरचे ठरवूं लागला, आणि त्या ठरावावरून दुसऱ्याच्या ताटांतील अन्नास नांवें ठेवूं लागला, म्हणजे मात्र टीकाकारास मध्यें पडणें भाग होतें.

आमच्या लहानपणीं घरांतील वडीलधारीं माणसें पावास हात लावीत नसत. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें असे: “त्याचें पीठ पायानें तुडवितात, म्हणून त्याला पाव म्हणतात.” हिंदी व बंगाली मुलखांतही पावरोटीची हीच कुळकथा सांगतात. दुसरा एक पक्ष अधिक सौम्य आहे. त्याच्या मतें मोठ्या रोटीचा चौथा हिस्सा, म्हणून पाव. दोन्ही उपपत्ति ऐकतांक्षणींच पटाव्या इतक्या सोप्या आहेत, आणि बहुधा म्हणूनच त्या आजवर टिकल्या आहेत. त्या खऱ्या आहेत कीं काय, हें पाहण्यासाठीं ‘पाव’ ह्या ध्वनीचीं निरनिराळीं कुळें क्रमानें तपासलीं पाहिजेत.

पहिलें कुळ मापाचें. संस्कृतांत ‘पाद’ म्हणजे पाय. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चारांतील एक, ह्यावरून ‘पाद’ म्हणजे चतुर्थांश असा अर्थ रूढ झाला. श्लोकाच्या चरणासही पाद म्हणतात तें ह्याचमुळें. प्राकृतांत मधला ‘द’ गळाला आणि मराठींत ‘पाव’ उरला. ‘पादोन’ म्हणजे पादानें ऊन, त्याचें ‘पाऊण’ झालें. ‘सपाद’ म्हणजे पादासहित, त्याचें ‘सव्वा’ झालें. ह्या कुळाचा विस्तार आपल्या देशापुरता नाहीं. लॅटिन ‘पेस’, ग्रीक ‘पूस’, इंग्रजी ‘फूट’ आणि फारशी ‘पा’ हीं सारीं एकाच मूळ शब्दाचीं रूपें आहेत. फारशी ‘पा’ आपल्याकडे पायजम्यांतून आला, आणि तोच पायजमा पुढें इंग्रजांनीं आपल्या भाषेंत व आपल्या शयनगृहांत नेला. दशमान पद्धति आल्यावर शेर गेला, आणा गेला. परंतु ‘पाव’ मात्र ‘पाव किलो’ होऊन आपल्या जागीं कायम राहिला.

दुसरें कुळ खाद्याचें. पोर्तुगीज भाषेंत रोटीस ‘पांव’ असा सानुनासिक उच्चार असलेला शब्द आहे. तो लॅटिन ‘पानिस’ ह्यापासून आला. इटालियन ‘पाने’ आणि स्पॅनिश ‘पान’ हे त्याचे सख्खे भाऊ होत. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतला, १५३४ सालीं वसई मिळविली. त्यांच्याबरोबर भट्टी आली, भट्टीबरोबर शब्द आला. गोव्यांत पाव भाजणाऱ्यास ‘पदेर’ अथवा ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरो’च. हिंदींतील ‘पावरोटी’ तर मौजेचा जोडशब्द आहे. त्याचे दोन्ही अवयव रोटी हाच अर्थ सांगतात, एक परदेशी तोंडानें आणि एक देशी तोंडानें.

आतां येथें वाचक विचारील, कीं हा शब्द पोर्तुगीजच कशावरून? नाद जुळतो म्हणून तो पोर्तुगीज ठरवावयाचा, तर नाद पायाशींही जुळतो. ही शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर मराठीच्या बाहेर पडल्याशिवाय मिळत नाहीं. पोर्तुगीज १५४३ सालीं जपानांत पोहोंचले. जपानी भाषेंत आजही पावास ‘पान’ म्हणतात. कोरियन भाषेनें जपानींतूनच हा शब्द घेऊन त्याचें ‘प्पांग’ केलें. सिंहलींतही पावास ‘पान’च म्हणतात, आणि सिंहलद्वीपांतही पोर्तुगीज राज्य करून गेलेले होते. म्हणजे जेथें जेथें ते लोक भट्टी घेऊन गेले, तेथें तेथें हा शब्द आढळतो. जपानींत पायास ‘आशि’ म्हणतात आणि चौथ्या हिश्शासही ‘पाव’ म्हणत नाहींत. तेव्हां पाय किंवा चतुर्थांश ह्यांवरून जपानी ‘पान’ निघणें शक्य नाहीं. आणि जपानी ‘पान’ व मराठी ‘पाव’ ह्यांची आई एक असेल, तर मराठी ‘पाव’ही तेथून निघालेला नाहीं. एखाद्या भट्टींत पीठ पायानें मळीत असतील वा नसतील. तो प्रश्न स्वच्छतेचा आहे, व्युत्पत्तीचा नव्हे.

तिसरें कुळ क्रियापदाचें. संस्कृत ‘प्राप्’ ह्या धातूपासून प्राकृतांत ‘पावइ’ आणि मराठींत ‘पावणें’ झालें. देव नवसाला पावतो, पत्र पावतें, आणि पैसे पावल्याची पावती मिळते. संकटांत सांपडलेला माणूस “पाव रे देवा” म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत चतुर्थांश नसतो, कीं बेकरीही नसते. चौथें कुळ ‘पावन’ ह्या शब्दाचें. तें ‘पू’ म्हणजे शुद्ध करणें ह्या धातूचें असून त्याचा वरील तिघांशीं कांहीं संबंध नाहीं. चार निरनिराळ्या उगमांचे ओहोळ मराठीच्या एकाच पात्रांत येऊन मिळाले आहेत. वरून पाणी एकसारखें दिसतें, म्हणून उगम एक, असें मानणें ही लोकव्युत्पत्तीची नेहमींची चूक होय.

ही चूक निरुपद्रवी असती, तर तिच्यासाठीं एवढी शाई खर्चिली नसती. परंतु पायाची व्युत्पत्ति हें केवळ अज्ञान नव्हतें. आधींच दिलेल्या निकालासाठीं मागाहून शोधलेला तो पुरावा होता. पाव परधर्मीयांच्या भट्टींत भाजला जाई; गोव्याकडे पीठ आंबविण्यास माडाची सूर घालीत. बहिष्काराचीं खरीं कारणें हीं होत. वसईकडे तर विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत चहा प्याले, एवढ्यावरून ग्रामण्य उभें राहिलें आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. अशा समाजांत व्युत्पत्तिही साक्षीस बोलाविली गेली, आणि तिनें खोटी साक्ष दिली.

ह्याच रत्नागिरींत १९२४ ते १९३७ ह्या काळांत स्थानबद्ध असतां सावरकरांनीं सहभोजनें घडवून रोटीबंदी मोडण्याचा उद्योग केला, आणि १९३१ सालीं भागोजीशेट कीर ह्यांच्या साह्यानें येथें पतितपावन मंदिर उभें राहिलें. त्याच काळांत त्यांनीं भाषाशुद्धीचाही पुरस्कार केला. मला येथें एक विसंगति दिसते. अन्न कोणाच्या हातचें, हें विचारूं नये असें सांगणारानें शब्द कोणाच्या घरचा, हें मात्र विचारावें काय? न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे, कीं जे पदार्थच परकीय, त्यांचीं परकीय नांवें राहूं द्यावीं अशी सवलत त्यांनीं ठेवली होती. तिच्या आश्रयानें ‘पाव’ वांचतो. शिवाय त्यांच्या खटपटीनें मराठीचा तोटा झाला, असेंही म्हणवत नाहीं. ‘दिनांक’ आला, परंतु अरबी ‘तारीख’ गेली नाहीं. आज पत्रावर दिनांक घालतात आणि कोर्टांत तारीख पडते. भाषेनें दोघांसही काम दिलें. शुद्धि करूं पाहणाराच्या हातून समृद्धि झाली, हें त्याचें यशच म्हणावयाचें, फक्त तें त्यानें मागितलेलें यश नव्हे.

तात्पर्य, शब्दाचें मूळ शोधावें तें त्याचा इतिहास कळावा म्हणून. त्याची पंगत ठरवावी म्हणून नव्हे. ज्या हापुसावर रत्नागिरीकराचा एवढा जीव, ज्यास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें नांव ‘आफोंसो’ ह्या पोर्तुगीज विशेषनामाचा अपभ्रंश आहे. म्हणून आंब्याची गोडी कमी झाली नाहीं, कीं तो आमचा नाहींसा झाला नाहीं. पावाचेंही तसेंच आहे. वडा पोटांत घेऊन तो आज घरोघरीं व स्टेशनोस्टेशनीं जातो, आणि ज्या घरांत त्यास उंबरठा ओलांडतां येत नव्हता, त्या घरांतील नातवंडें तो आजीसमोर बसून खातात.

तरीही कोणी विद्वान् भेटून “पायानें मळतात म्हणून पाव” असें सांगूं लागलाच, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. जपानांत पायास काय म्हणतात, एवढेंच त्याला विचारावें.