'द सर्पंट': घरी बोलावणारा माणूस

'द सर्पंट' बघताना तुम्हाला भीती नेमकी कधी वाटली? मला खुनांपेक्षा त्या औषधाच्या पेल्याची जास्त वाटली. २०२१ साली आलेली बीबीसी आणि नेटफ्लिक्सची ही आठ भागांची मालिका सत्यकथेवर बेतलेली आहे. १९७५-७६च्या बँकॉकमध्ये चार्ल्स शोभराज रत्नांचा व्यापारी 'अलँ गोतिए' बनून, पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या पोरापोरींना घरी बोलावतो. फ्रेंच बोलतो, जेवू घालतो. दोमिनिक नावाचा पोरगा आजारी पडतो, तर चार्ल्सच त्याची शुश्रूषा करतो. आजारी पाडणाराही तोच, हे आपल्याला कळतं. दोमिनिकला मात्र नाही. तो बिचारा उपकाराच्या ओझ्याखाली. परक्या शहरात आपली भाषा बोलणारा कुणी भेटला की आपलं काय होतं, ते आठवा, म्हणजे हा प्रसंग का अंगावर येतो ते कळेल. ताहार रहीमचा चार्ल्स आवाज चढवत नाही, ते अगदी बरोबर आहे.

काळाच्या उड्या मात्र जास्त झाल्यात. 'दोन महिने आधी'ची पाटी फडफडली की पहिल्या दोन भागांत गोंधळायला होतं. पण त्यातून एक गोष्ट साधते. डच जोडप्याचा शेवट आपल्याला आधी कळतो आणि मग ते हसत, हातात हात घालून समोर येतात. त्यांना ओरडून थांबवावंसं वाटतं.

तपास सुरू होतो तो या दोघांची पत्रं घरी पोचेनाशी झाली म्हणून. डच दूतावासातला कनिष्ठ अधिकारी हर्मन क्निपेनबर्ग ते प्रकरण सोडत नाही. मालिका त्याच्या चिकाटीवर इतकी भाळली आहे की थाई माणसं नुसती मागे उभी राहतात. ते खटकतं.

पुढचं आपल्याला माहीत असतं: तिहारमधून पळालेल्या शोभराजला १९८६ साली पर्वरीच्या 'ओ कोकेरो'मध्ये मुंबईच्या मधुकर झेंडेंनी पकडलं. त्यावर २०२५ साली चिन्मय मांडलेकरचा 'इन्स्पेक्टर झेंडे' आला. मजेशीर पाठलाग आहे, पण त्यात मेलेली पोरं कुठेच नाहीत. मालिकेत निदान त्यांना चेहरे आहेत.

फक्त अजय चौधरीला नाही. चार्ल्सचा हा भारतीय साथीदार खुनातही सामील, तरी तो कोण, कुठून आला, काहीच कळत नाही. प्रत्यक्षातला अजय १९७६ नंतर सापडलाच नाही. त्याच्या नावाची फाइल कुठल्या दूतावासात कुणी उघडली होती का, हे मालिका विचारत नाही.